प्रतिमा आधीं, अर्थ मागाहून

मुंबईच्या अपोलो बंदरावरून निघालेली लाँच तासाभरांत घारापुरीच्या धक्क्याला लागते. पायऱ्यांची चढण संपली, कीं डोंगराच्या पोटांत कोरलेलें तें प्रसिद्ध लेणें समोर येतें. उत्तरेच्या दारानें आंत गेलेल्या माणसाची दृष्टि खांबांच्या रांगांतून सरळ दक्षिणेच्या भिंतीकडे जाते. आणि अंधाराला डोळे सरावले म्हणजे तेथें सुमारें १८ फूट उंचीची एक भव्य त्रिमुखी मूर्ति हळूहळू उमटूं लागते. बरोबरचा कोणी जाणकार सांगतो, “ही त्रिमूर्ति. ब्रह्मा, विष्णु आणि महेश.” ऐकणारा समाधानानें मान हलवितो, हात जोडतो आणि पुढच्या शिल्पाकडे वळतो. सारा प्रसंग दोन मिनिटांत आटोपतो. त्याला अर्थ मिळाला. मूर्ति मात्र पाहावयाची राहून गेली. आणि जो अर्थ मिळाला तोहि त्या मूर्तीचा नव्हे.

साहित्यांतील व कलेंतील प्रतीकांचा अर्थ कसा लावावा, हा पंडितांच्या चर्चेचा विषय आहे असें सामान्यतः समजलें जातें. वस्तुतः रविवारच्या सुटींत त्या लेण्यांत येऊन उभ्या राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा तो प्रश्न आहे. शाळेच्या पुस्तकांतील कविता वाचणाऱ्या मुलाचाहि तो आहे. कारण अर्थ चुकला, तर केवळ माहिती चुकते असें नाहीं; समोरची कृतिच दिसेनाशी होते, आणि तिच्या जागीं पाहणाऱ्याची आधींपासून पाठ असलेली कल्पना येऊन बसते.

आतां तीच मूर्ति, ऐकलेलें नांव क्षणभर बाजूला ठेवून, पाहिली तर काय दिसतें? मधलें मुख शांत आहे. पापण्या खालीं उतरलेल्या, ओठ भरदार व मिटलेले, मस्तकावर अलंकारांनीं भरलेला उंच जटामुकुट. डाव्या हातांत एक फळ आहे. अभ्यासक तें महाळुंग असल्याचें सांगतात व त्याला जगाच्या बीजाचें चिन्ह मानतात. उजवा हात भंगला आहे. पाहणाऱ्याच्या डाव्या बाजूचें मुख अगदीं निराळें. त्याच्या भुवया आक्रसलेल्या, नाक बांकदार, ओठांवर मिशा, केशरचनेंत कवटी व साप, हातांतहि नाग. पाहणाऱ्याच्या उजव्या बाजूचें मुख कोंवळें आहे. हनुवटी नाजुक, केंसांच्या बटा रेखीव, त्यांवर मोत्यांचे सर, आणि हातांत कमळ.

एकोणिसाव्या शतकांतील लेखकांमध्यें मधला ब्रह्मा, नाग धरलेला रुद्र आणि कमळ धरलेला विष्णु, अशी वांटणी रूढ होती. वरवर पाहतां ती पटण्यासारखी आहे. नाग शिवाचा आहेच, आणि कमळ विष्णूच्या हातीं अनेकदां असतें. परंतु एकट्या कमळावरून विष्णु ओळखणें म्हणजे पागोट्यावरून माणसाचें नांव सांगणें होय. विष्णूचा शंख येथें नाहीं, चक्रहि नाहीं. ब्रह्मदेव चतुर्मुख, त्याची जपमाळ व कमंडलु मधल्या मूर्तीजवळ कोठें दिसत नाहीं.

याहून मोठा पुरावा शेजारच्या भिंतींवर आहे. या मूर्तीच्या एका अंगाला अर्धनारीश्वराचा पट आहे, दुसऱ्या अंगाला गंगा मस्तकीं धारण करणाऱ्या शिवाचा. या दोन्ही पटांत ब्रह्मदेव हंसांनीं वाहिलेल्या आसनावर बसून आणि विष्णु गरुडावर आरूढ होऊन, इतर देवांच्या मेळ्यांत, शिवाचा महिमा पाहावयास आलेले आहेत. ज्या शिल्पकारांनीं हे दोन देव शेजारींच परिवारदेव म्हणून कोरले, त्यांनींच ते मधल्या मूर्तींत शिवाच्या बरोबरीनें कोरले असावेत, हें संभवत नाहीं. शिवाय लेण्याच्या इतर भिंतींवर काय आहे? नटराज आहे, अंधकासुराचा वध आहे, शिवपार्वतींचा विवाह आहे, कैलास हलविणारा रावण आहे; आणि पश्चिमेच्या अंगाला चार दारांच्या गाभाऱ्यांत शिवलिंग आहे. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरलेलें म्हणून बहुतेक अभ्यासक मानतात तें हें लेणें सर्वस्वीं शिवाचें आहे.

मग हीं तीन मुखें कोणाचीं? उत्तर शैव परंपरेंत आणि मूर्तिशास्त्राच्या ग्रंथांत मिळतें. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’च्या तिसऱ्या खंडांत महादेवाच्या पांच मुखांचें वर्णन आहे. समोरचें तत्पुरुष, म्हणजे स्वतः महादेव. उजवीकडचें अघोर, म्हणजे भैरव. डावीकडचें वामदेव, म्हणजे उमेचें मुख. मागचें सद्योजात, म्हणजे नंदीचें. आणि सर्वांच्या वर ईशान, म्हणजे सदाशिव. घारापुरीची मूर्ति या वर्णनाशेजारीं ठेवली, म्हणजे मिशा, नाग व कवटी यांचा भैरव आणि कमळ घेतलेली उमा आपापल्या जागीं बसतात. १९१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या हिंदु मूर्तिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडांत टी. ए. गोपीनाथराव यांनीं ही मूर्ति महेशाची म्हणून ओळखली. १९४६ सालीं स्टेला क्रॅमरिश या विदुषीनें ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकांतील लेखांत तिचा अर्थ महादेव, भैरव व उमा या अंगांनीं सविस्तर मांडला. आज अभ्यासकांत ती सदाशिवाची मूर्ति म्हणूनच ओळखली जाते.

नांव बदललें म्हणून काय बदललें, असें कोणी विचारील. तिन्ही मुखें होतीं तेथेंच आहेत. दगड एक कणभरहि हलला नाहीं. परंतु पाहणाऱ्यापुढील मूर्ति आतां दुसरीच झाली आहे. त्रिमूर्ति म्हटलें म्हणजे कामाची वांटणी झाली: एक जग उत्पन्न करतो, दुसरा सांभाळतो, तिसरा मोडतो. प्रत्येकाचें खातें निराळें. येथें तशी वांटणी नाहीं. जो क्रुद्ध होतो तोच कोमल होतो. ज्याच्या केंसांत कवटी आहे त्याच्याच दुसऱ्या हातीं कमळ आहे. आणि या दोन परस्परविरोधी वृत्तींच्या मध्यें जें मुख आहे तें दोहोंपैकीं कोणाचीहि बाजू न घेतां डोळे मिटून स्थिर आहे. विरोध एकाच व्यक्तीच्या पोटांत आहे आणि शांतिहि तेथेंच आहे. शेजारचा अर्धनारीश्वर हेंच सांगतो: पुरुष व स्त्री हे दोन देव नव्हेत, एकाच देहाचे दोन भाग आहेत. तीन निराळे देव पाहून परतणारा मनुष्य नेमकी ही गोष्ट, म्हणजे त्या लेण्याचा आत्मा, तेथेंच टाकून येतो.

आणखी एक गोष्ट त्याच्या हातून निसटते. पांच मुखांपैकीं तीनच दिसतात. चौथें मुख मागच्या खडकाकडे आहे. पांचवें वर, तेथें कोरलेलें असें कांहींच नाहीं. शिल्पकाराला जागा पुरली नाहीं म्हणून तीं राहिलीं असें नव्हे. भिंतींतून पुढें आलेली मूर्ति मागल्या बाजूनें डोंगरांतच मिळून गेलेली आहे. तिचें न दिसणारें मुख त्या डोंगराच्या स्वाधीन केलेलें आहे. ज्या ग्रंथांत पांच मुखांचें वर्णन आहे त्यांतच त्यांचा पंचमहाभूतांशीं संबंध जोडलेला असून ईशान मुखाकडे आकाश दिलेलें आहे. आकाशाचें मुख कोरून कसें दाखवावयाचें? तें रिकामें ठेवणें हेंच त्याचें चित्रण होय. प्रतीक जितकें दाखवितें तितकेंच झांकूनहि ठेवतें, आणि झांकलेलें काय आहे हें कळण्यासाठीं दाखविलेलें आधीं नीट मोजावें लागतें.

हा भ्रम इतकीं वर्षें टिकला कसा? त्याचें कारण अज्ञान हें नसून ओळख हें आहे. महाराष्ट्राच्या घरोघरीं दत्ताची तसबीर आहे. तीन शिरें, सहा हात, मागें गाय, पायांशीं कुत्रे. आणि तीन शिरें म्हणजे ब्रह्मा, विष्णु, महेश, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. हा डोळा घेऊन घारापुरीला गेलेल्या माणसानें तीन मुखें पाहतांच तेंच उत्तर द्यावें, यांत नवल नाहीं. ओळखीचें दिसलें कीं डोळा पाहावयाचें थांबतो. दत्ताच्या मूर्तीविषयीं जें खरें तें येथें खरें नाहीं, हें कळण्यासाठीं हातांतील वस्तु मोजाव्या लागतात, शेजारची भिंत पाहावी लागते आणि त्या लेण्यांत कोणाची पूजा चालत होती हें विचारावें लागतें. अनोळखी प्रतीकापेक्षां ओळखीच्या प्रतीकानेंच माणूस अधिक फसतो.

दत्ताचें नांव निघाल्यावर त्याचें झाडहि आठवतें. आणि त्या झाडापाशीं मराठी कवितेंतील असाच एक प्रश्न उभा आहे. बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता अवघ्या आठ ओळींची आहे. बालकवि म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १८९० सालीं खानदेशांतील धरणगांव येथें त्यांचा जन्म झाला, आणि १९१८ सालीं, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, भादली स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. या लहानशा कवितेवर जितकें लिहिलें व बोललें गेलें आहे तितकें मोठमोठ्या काव्यांच्याहि वांट्याला आलें नसेल. कोणाला त्या झाडांत विरक्त योगी दिसला. कोणाला कवीच्या मनांतील उदासीनता दिसली. कोणाला पाऊलवाटेंत जीवित व डोहांत मृत्यु दिसला. आणि हें केवळ एक निसर्गचित्र आहे, त्यांत शोधण्यासारखें कांहीं नाहीं, असें म्हणणारेहि आहेत.

घारापुरीला शास्त्रग्रंथ मदतीला आला. येथें तसा ग्रंथ नाहीं. औदुंबराभोंवतीं परंपरा मात्र दाट आहे. हिरण्यकशिपूला मारल्यावर नृसिंहाच्या नखांत भिनलेल्या विषाचा दाह औदुंबराच्या फळांनीं शमला, ही कथा ‘गुरुचरित्रां’त आहे. नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या पादुका आहेत त्या औदुंबराखालींच, आणि कृष्णेच्या कांठचें एक दत्तक्षेत्र तर याच नांवानें ओळखलें जातें. लोकांच्या बोलण्यांतहि हें झाड आहे: जो मनुष्य क्वचितच दृष्टीस पडतो त्याला ‘उंबराचें फूल’ म्हणतात, कारण उंबराचें फूल फळाच्या पोटांत दडलेलें असतें. एवढें सारें मनांत घेऊन येणाऱ्या वाचकाला कवितेंतील झाडाखालीं दत्त दिसूं लागला, तर तो घारापुरीच्या प्रवाशाचाच सोबती होय.

म्हणून येथेंहि तीच रीत चालवावी. कवितेच्या हातांत काय आहे, तें मोजावें. कवितेंत पादुका नाहींत, फळ नाहीं, फूल नाहीं, देव नाहीं. आहे तें असें: दोन्ही कांठांवर हिरवळ असलेला एक निळसर झरा; टेकडीपलीकडे अगदीं लहान खेडें; त्याच्या पुढें शेतामळ्यांची दाटी; त्यांतून वेडीवांकडी गेलेली एक पांढरी पाऊलवाट; ती वाट ज्याच्या दिशेनें जाते तो काळा डोह; आणि शेवटीं, डोहाच्या पाण्यावर छाया धरून, पाण्यांत पाय सोडून बसलेलें तें झाड. निळा, हिरवा, पांढरा आणि काळा, असे चार रंग क्रमानें येतात, आणि दृश्य उजेडाकडून सावलीकडे सरकत जातें. सारें हलतें आहे: झरा वाहतो, वाट चालते. मग एका ठिकाणीं हालचाल संपते, कारण तेथें कोणीतरी बसलेलें आहे. हें बसणें हेंच कवितेचें मर्म.

आतां एकेका अर्थाला या मोजणीच्या कांट्यावर घालावें. विरक्त योग्याचा अर्थ घेतला, तर स्थिरता जुळते; परंतु योगी पाण्यांत पाय सोडून बसत नाहीं. ती बैठक पद्मासनाची नव्हे. दुपारच्या वेळीं नदीकांठीं निवांत बसलेल्या पोराची किंवा दमून टेकलेल्या वाटसराची ती बैठक आहे. तींत तप नाहीं, विसांवा आहे. मृत्यूचा अर्थ घेतला, तर काळा डोह व तिकडे जाणारी वाट जुळते. परंतु त्या काळोखाला कवीनें गोड म्हटलें आहे, आणि ज्याला भय वाटतें तो पाय पाण्यांत सोडून बसत नाहीं. कवीच्या अकालीं मृत्यूची आठवण मागाहून त्या डोहांत मिसळणें तर कवितेवर अन्याय करणें होय. कवितेनें ती गोष्ट सांगितलेली नाहीं. उलट, हें नुसतें दृश्य आहे असें म्हणावें, तर झाडाला पाय कोठून आले? झाड बसलें कसें? ज्या क्षणीं कवीनें झाडाला माणसाची बैठक दिली, त्या क्षणीं तें नुसतें झाड उरलें नाहीं. एवढें निश्चित म्हणतां येतें कीं, चालत आलेलें सारें ज्या ठिकाणीं निवतें असें एक शांत, सावळें, थोडें गूढ ठिकाण कवीनें पाहिलें आणि त्याला त्या झाडाचें रूप दिलें. ती शांति सुखाची कीं उदासीची, हें कवितेनें मोकळें ठेवलें आहे; आणि तें मोकळें राहूं देणें हा वाचकाचा आळस नसून त्याची सचोटी आहे.

या दोन उदाहरणांवरून प्रतीकांतील एक भेद स्पष्ट होतो. कांहीं चिन्हें समाजानें ठरविलेलीं असतात. शंखचक्र म्हणजे विष्णु, नंदी म्हणजे शिव. त्यांचा अर्थ शिकावा लागतो, कल्पनेनें लावतां येत नाहीं. कांहीं प्रतिमा कवि स्वतः घडवितो. त्यांचा अर्थ कोठल्याहि कोशांत मिळत नाहीं, तो त्या कृतीच्या रचनेंतूनच काढावा लागतो. पहिल्या ठिकाणीं जो स्वतःच्या तर्कावर विसंबतो तो चुकतो. दुसऱ्या ठिकाणीं जो कोशावर विसंबतो तो चुकतो. दोन्ही ठिकाणीं पहिलें काम मात्र एकच आहे: समोर असलेलें, असेल तसें आणि असेल तेवढेंच, पाहणें.

प्रतिमा आणि अर्थ हीं एकरूप नसतात, हें मराठीला ‘ज्ञानेश्वरी’नें फार पूर्वींच शिकविलें आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, मधील या ग्रंथांत एकेका विचारासाठीं ज्ञानेश्वर दृष्टांतामागून दृष्टांत देत जातात. हा शब्दांचा हव्यास नव्हे. प्रत्येक दृष्टांत त्या विचाराच्या एखाद्या अंगावर प्रकाश पाडतो, बाकीचीं अंगें अंधारांत राहतात. म्हणून दुसरा दिवा लावावा लागतो. ज्याला हें कळलें तो एका प्रतिमेंतून सगळें तत्त्वज्ञान पिळून काढण्याच्या नादीं लागणार नाहीं, आणि प्रतिमेला केवळ शोभेची वस्तु म्हणून झटकूनहि टाकणार नाहीं.

वाचकांत व प्रेक्षकांत या दोन्ही प्रकारचे लोक नेहमीं आढळतात. एकाला प्रत्येक पानाफुलांत गूढार्थ दिसतो. दुसरा म्हणतो, फूल म्हणजे फूल. पहिल्याची चूक अशी कीं, त्याचा अर्थ कोणत्याहि कवितेला सारखाच चिकटवितां येतो, आणि जो अर्थ सगळीकडे बसतो तो कोठेंच नेमका बसत नाहीं. दुसऱ्याची चूक अशी कीं, कवीनें मुद्दाम घडविलेल्या गोष्टीचें कारण विचारण्याचें तो नाकारतो. दोघांनाहि एकच प्रश्न विचारावा: तुम्ही सांगतां त्याला कृतींत आधार कोठें आहे, आणि कृतींतील कोणती गोष्ट तुमच्या सांगण्याच्या विरुद्ध जाते? या प्रश्नाच्या उत्तरार्धाला जो उत्तर देऊं शकतो त्याचाच अर्थ ऐकण्याच्या योग्यतेचा समजावा.

ज्या ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’नें घारापुरीचें कोडें सोडविण्यास मदत केली, त्यांतच एक मार्मिक संवाद आहे. वज्र नांवाचा राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ति घडविण्याचें शास्त्र विचारतो. ऋषि सांगतात कीं, चित्रकला कळल्यावांचून मूर्ति कळत नाहीं. नृत्य कळल्यावांचून चित्र कळत नाहीं. वाद्य कळल्यावांचून नृत्य कळत नाहीं, आणि गायनावांचून वाद्य कळत नाहीं. एका दगडाचा अर्थ विचारावयास गेलेल्या राजाला गाणें शिकावें लागणार असें ठरतें. त्या उत्तरांतील तात्पर्य आजहि जुनें झालेलें नाहीं. अर्थ ही कोणी कानांत सांगावी व आपण खिशांत घालावी अशी वस्तु नव्हे. ती सावकाश तयारीनें मिळणारी गोष्ट आहे.

१९८७ सालीं युनेस्कोनें घारापुरीच्या लेण्यांचा जागतिक वारशांत समावेश केला. लोक तेथें जातात, आणि ‘त्रिमूर्ति’ हें नांव अजूनहि कानांवर पडतें. नांव तेवढें राहिलें तर फारसें बिघडत नाहीं. परंतु परतीची लाँच सुटण्याआधीं त्या मूर्तीपुढें आणखी पांच मिनिटें उभें राहावें. नाग कोणत्या हातांत आहे, कमळ कोणत्या. मिशा कोणाला आहेत. शेजारच्या भिंतीवर गरुडावर बसून कोण आलें आहे, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. मग मधल्या मुखाच्या मिटल्या पापण्यांकडे वळावें. तेथवर जो स्वतः पाहत आला, त्याला तीन मुखें एकाचींच आहेत हें दुसऱ्या कोणी सांगावें लागणार नाहीं.